भाजावळीतून फुटलेलं गवत

दि. ९ मे, गुरुवार
खालची वाडी, तालुका गुहागर

अहो विनीतचे बाबा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळी बरी आहोत, म्हणजे मी आणि दोन्ही गाई. सूनबाईला नि छोट्या शमिकाला आशीर्वाद. फोन केला की विनीत म्हणतो, बाबा झोपलेत. सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत. एवढी झोप तुम्हाला गावी कधी लागली नाही. म्हणून पत्र. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चष्मा लावून वाचा.

गवत आलं!

मे महिना आहे, वरचा कातळाचा सडा नुसता तापलाय, गावची गुरं पालापाचोळा चघळत फिरतायत, आणि आपल्या विहिरीजवळच्या भाताच्या कुणग्यात माझ्या कमरेएवढं हिरवंगार गवत उभं आहे. तुम्ही शिमग्याला भाजलंत, तिथेच! खोटं वाटत असेल तर विनीतचा मोबाईल बघा, शेजारच्या धाकूने फोटो पाठवलाय. फोटोत मी पण आहे. माझ्याकडे बघू नका, गवत बघा.

तुम्हाला यातलं काही माहीत नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते. दिवाळीनंतर विनीतने बियाणं पाठवलं, परदेशातलं राय गवत. त्याने मला मोबाईलवर दाखवलं होतं. तिकडे एकदा पेरतात नि वर्षानुवर्षं त्यावर गुरं चारतात. रानाचे तुकडे पाडतात, एका तुकड्यात गुरं सोडतात, गवत बोडकं व्हायच्या आत पुढच्या तुकड्यात हाकतात. तोवर मागचं परत वाढतं. मी म्हटलं, हे आपल्याकडे का नाही? भात कापून झालं होतं, भाताची रोपं करायचा तो तरव्याचा कुणगा रिकामाच होता, विहीर हाताशी. दिलं पेरून. अर्ध्यात राय लावलं आणि अर्ध्यात मालगुंडच्या आमच्या रघूकडून आणलेली गिनी गवताची मुळासकट ठोंबं. त्याच्याकडे माडांखाली ते नुसतं माजलंय.

राय थंडीत काय सुंदर आलं म्हणून सांगू! मोरी गाय त्यात तोंड घातलं की वर काढीना. पण माघ संपला, ऊन चढलं, आणि त्याने मान टाकली. किती पाणी ओता, उपयोग नाही. थंड मुलखातलं ते, आपला उन्हाळा त्याला कसा सोसणार. उरलं गिनी गवत. ते मी सड्यावरचं गवत कापतो तसं विळा जमिनीला टेकवून साफ कापलं. सड्यावरचं काय, पाऊस पडला की आपलं आपण येतं. बारमाही गवताचं तसं नसतं हे मला कुणी सांगितलं होतं? कुणगा सगळा उजाड दिसायला लागला.

आणि तुम्ही आलात. पालखी घरी येऊन गेली की दरवर्षी जे करता तेच केलंत. शेण पसरलंत, तोडलेल्या फांद्यांची कवळ टाकलीत, वर पेंढा नि माती, आणि दिलंत पेटवून. मी वरच्या वाडीतून येते तर कुणग्यातून धूर.

"कोणाला विचारून भाजलंत?" मी म्हटलं.

"तरव्याची भाजावळ करायला आता तुला विचारायचं?"

"विचारायचं! इथे राहतं कोण, मी की तुम्ही?"

शेजारची मथुरा वहिनी पाणी शेंदायचं सोडून दगडी गडग्यापलीकडून ऐकत उभी. तुम्ही हात धुतलेत, पिशवी उचललीत, संध्याकाळची गाडी धरलीत. वाढलेलं ताट तसंच राहिलं. मी ओरडले ते ओरडले. माझं गवत जळत होतं, मी काय आरती म्हणायची होती?

बरं, पुढचं ऐका. पाडवा झाला नि एक दिवस धाकू विहिरीवरून हाका मारतोय, "वयनी, हिकडे या! तुमचा गवत जिता हाय!"

मी म्हटलं, "मेल्या, चेष्टा करू नको."

जाऊन बघते तर काळ्या राखेतून हिरवे कोंब! मुळं शाबूत होती, वर राखेचं खत मिळालं. मी पाणी सोडलं, आणि मग ते थांबेचना. आधी होता त्याच्या दुप्पट फुटवा. धाकू म्हणतो, "दादांनी भाजला म्हणून वाचला. वयनीच्या विळ्याने तर मारलाच होता." वर दात काढून हसतो.

आता मी शहाणी झाले. कापलं तरी वीतभर बुडखा ठेवते, गाई सोडल्या तरी तेवढं राहिलं की लगेच पुढच्या तुकड्यात. कुणग्याचे तुकडे माझ्या जुन्या साड्या बांधून केलेत. तांबू गाय त्यांना काडीचा मान देत नाही, शिंगावर पदर घेऊन पलीकडे जाते. गाव हसतं. हसू दे. मोरी यंदा आटली नाही! गेल्या मे महिन्यात शमिका आली होती तेव्हा तिला कपभर दूध मिळालं नाही, आठवतंय? आता मथुरा वहिनी तांब्या घेऊन दारात येते.

तिच्याशी भांडण चालूच आहे. भात कापलं की गावची गुरं मोकळी, आणि यंदा हिरवं दिसतंय ते आपल्याकडेच. तिचा पाडा शिंगांनी गडग्याचे चिरे ढकलून आत आला. मी म्हटलं, "वहिनी, पाडा बांधून ठेवा." तर म्हणते, "अगो, भात कापल्यावर रान सगळ्यांचा. आजवर कुणी गुरं बांधलान?" बरोबर आहे तिचं, रीतच आहे ती. पण रीत म्हणून माझं गवत देऊ काय?

गडगा मी परत रचला. दोनदा रचला, दोनदा पडला. चिरा कुठल्या अंगावर बसतो ते मला कळत नाही. गोठ्यामागचा तुम्ही रचलेला गडगा किती पावसाळे उभा आहे, त्यातून सरडा जाईल, पण पाडा जायचा नाही. आणि मला बाजूच्या कुणग्यातही ठोंबं लावायची आहेत. तरवा यंदा वरच्या कुणग्यात करू. भाजून ठेवलेला नाही, पण होईल काहीतरी. पाऊस लागला की गवत असं उठेल की वेळेवर कापलं नाही तर राठ होऊन गाई तोंड लावायच्या नाहीत. एका बाईला दोन हात.

काल विनीत बोलता बोलता बोलून गेला. महिनाअखेरीला छापखान्यातून तुम्ही रिटायर होणार, आणि लगेच कुठल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहणार. मी म्हटलं, का? सुटल्यावर गावी यायचं ठरलं होतं ना? तर म्हणाला, "बाबा म्हणतात, गावी माझं काय काम? तुझी आई सगळं बघते."

मी फोन ठेवला नि कागद शोधायला लागले.

आता तुम्हाला सांगते. वर लिहिलंय ते काम नाही तर काय आहे? दुसऱ्याच्या गेटवर उभं राहून लोकांच्या गाड्या मोजायच्या त्यापेक्षा आपल्या कुणग्याच्या तोंडाशी उभे राहा, मथुरा वहिनीच्या पाड्याला अडवा. सोसायटीवाल्यांना हो म्हटलं असेल तर नाही म्हणा. लाज वाटत असेल तर त्यांचा नंबर द्या, मी म्हणते.

आणि एक. मी दिवसभर गाईंशी बोलते. त्या ऐकून घेतात, उलटून काही बोलत नाहीत. मला त्याची सवय नाही.

वाट बघते असलं काही मी लिहायची नाही. या.

तुमची
काशी