आजोबांची ट्रोका

चँडलर, ७ फेब्रुवारी २०२६

ती. उत्तराताईस,
शि. सा. न. वि. वि. अक्षर मुद्दाम मोठं काढून फोटो पाठवतोय; चष्मा शोधत बसू नकोस.

दर शनिवारी लायब्ररीत मी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवतो, हे तुला ठाऊक आहे. स्पॅनिश मी कुठल्याही क्लासला न जाता, थेट स्पेनमधली रेकॉर्डिंग्ज ऐकून शिकलो. पहिल्या दिवशी मुलं खो खो हसली. ती मेक्सिकोकडची, माझं बोलणं म्हणजे भाजीबाजारात कुणी 'आज्ञा व्हावी' म्हणावं तसं. मला ते कौतुकच वाटलं.

त्यांत यारेली नावाची सात वर्षांची मुलगी आहे. ट्रकच्या चित्राला ती 'ट्रोका' म्हणाली. मी म्हटलं, असा शब्दच नाही, 'कामिओन' म्हण. पोरं लोळायची बाकी राहिली, कारण त्यांच्या घरी कामिओन म्हणजे बस. ती म्हणाली, आमचे आजोबा ट्रोकाच म्हणतात. मी म्हणालो, मग आजोबा चुकतात. आणि तिच्याकडून तीनदा कामिओन म्हणवून घेतलं. शिकवायचं इंग्रजी होतं, ताई.

तेव्हापासून ती येते, बसते, बोलत नाही. तिची आई म्हणाली, घरीही आजोबांशी बोलायला लाजते. तिच्यासमोर मलाच मान वर करवत नाही. काय करू?

तुझा लोभ आहे तसाच राहू दे.
हेमचंद्र

अकोला, १६ फेब्रुवारी

चि. हेमचंद्रास ताईचे आशीर्वाद.

दरबारी मास्तरांचं पत्र पोचलं. हसू आलं, मग आलं नाही.

पुण्याच्या कॉलेजात तू 'काहून' म्हणालास आणि अख्खा वर्ग हसला. सुट्टीत घरी आलास तो आम्हाला सुधारायलाच. बाबांना 'काहून' सोडून 'का बरं' म्हणायला लावलंस. पुढे पुढे तू घरात असलास की बाबा बोलेनासेच व्हायचे, ते तुला दिसलं का? माझी पत्रं तू लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायचास. हेही पत्र शेजारच्या ऋताकडून तपासून घेतलंय.

त्या पोरीच्या आजोबांना भेट. आपले बाबा आता भेटायचे नाहीत.

जेवणाची आबाळ करू नकोस.
ताई

चँडलर, २८ फेब्रुवारी

ती. ताईस,
पाया पडतो.

आज वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये गेलो. यारेलीचे आजोबा जुन्या निळ्या ट्रकला टेकून उभे होते. तिला ऐकू जाईल असं त्यांना सांगितलं, तुम्ही बरोबर, मी चूक. आणि बॉनेटवर हात ठेवून 'ट्रोका' म्हणालो. आजोबा हसले. यारेली हसली नाही. तिनं माझा उच्चार दुरुस्त केला. एकदाच, माझ्याकडे न बघता.

बाबांपुढे असं उभं राहायचं राहूनच गेलं.

ताई, पुढचं पत्र ऋताले दाखवू नको. जसं येते तसं लिही, तुह्या हातानं. मी आता लाल पेन हाती घेत नाई. काहून, ते तुले ठाऊक हाये.

तुहा,
हेमू