‘दोन हवालदार, एक गुरुवार’ची वाटणी

मी, खंडू रामजी ओव्हाळ, वय अडुसष्ट, कारखान्याच्या प्रेस शॉपमधून निवृत्त झालेला फिटर, राहणार रहाटणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सिनेमा काढला तेव्हा असा दाखला कोणत्याही डॉक्टरने दिला नसता, हे माझी पत्नी तानुबाई हिचे मत तिच्याच आग्रहावरून इथे नोंदवत आहे. तब्येत उत्तम आहे. पण माझ्यामागे सिनेमाचे कोणी वाटोळे करू नये, म्हणून हा कागद.

आधी घराचे. रहाटणीची सदनिका आणि बँकेतल्या ठेवी माझ्या पश्चात तानुबाईच्या, तिच्या पश्चात आमची मुलगी मिनल हिच्या. मिनल कॉम्प्युटरमध्ये आहे, वाकडला अकराव्या मजल्यावर राहते आणि रहाटणीत पार्किंग नाही म्हणून कुरकुरते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. शिलाई मशीन मात्र विकू नये. ते मुळात तानुबाईचे असल्यामुळे मला कोणाला देताही येत नाही, पण दोघा हवालदारांचे गणवेश त्यावर शिवले गेले, एवढे ध्यानात ठेवावे.

माझी हत्यारांची पेटी सयाजी यास द्यावी. सयाजी निघोज्याचा, कंपनीच्या बसचा चालक आणि आमच्या सिनेमातला चोर. रिंग पान्यांचा संच त्याने बसच्या दुरुस्तीला म्हणून नेला तो आजतागायत आणला नाही. विचारले की म्हणतो, “भूमिकेत शिरलोय राव, काय करू?” तो संचही आता त्याचाच समजावा. संचावरचा हक्क मी सोडला आहे. राग सोडलेला नाही.

आता मुख्य मिळकत.

‘दोन हवालदार, एक गुरुवार’ हा विनोदी चित्रपट, त्याची मूळ डीव्हीडी आणि पलंगाखालच्या खोक्यांत उरलेल्या सगळ्या डीव्हीड्या. यात एक हवालदार मी आणि दुसरा सुजित. सुजित बिहारचा, आमच्याच शॉपमधला वेल्डर. सबंध सिनेमात मी मराठीच बोलतो, तो हिंदीच बोलतो, आणि कोणी कोणाला अर्थ सांगत नाही. शॉपमध्ये आमचे असेच चालायचे. प्रेसच्या धडधडाटात निम्मे ऐकूही यायचे नाही, तरी काम कधी अडले नाही.

आम्हां सगळ्यांना मोकळीक एकाच दिवशी, गुरुवारी. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. लग्नाचे शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा घेऊन आम्ही वर्षभर गुरुवारी शूटिंग केले आणि घरी टीव्हीवर जोडून पाहिले तेव्हा कपाळावर हात मारला. पडद्यावर गर्दीचा बाजार हवा होता, तिथे सगळी शटर बंद. कंपन्यांची फाटके बंद. चोराच्या मागे आम्ही धावतोय आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुन्हा चित्रण करायचे तर तेही गुरुवारीच होणार. तेव्हा तानुबाई म्हणाली की मग चोरालाच नोकरीला लावा, इतर दिवशी त्याची शिफ्ट असते, म्हणून तो चोरी गुरुवारीच करतो. तिथून सिनेमा उभा राहिला. मी चोराला पकडायची घाई करायची आणि सुजितने खाली बसून तंबाखू मळत म्हणायचे, “जल्दी क्या है, आज तो गुरुवार है.”

पुण्याचे दौलतराव यांचा त्या काळी डीव्हीडी वितरणाचा मोठा धंदा होता. त्यांनी सिनेमा पाहिला आणि गाव ओस का पडले आहे, असे विचारले. त्यांचा रविवार, आमचा गुरुवार. त्यांना हसू आले नाही. शिवाय दोन भाषा चालणार नाहीत, खंडूचा आवाज काढून टाका आणि सगळे हिंदी करा, नाहीतर सुजितचा काढा आणि सगळे मराठी करा, असे त्यांनी सुनावले. परतताना बसमध्ये सुजित म्हणाला, “भाऊ, मेरी आवाज निकाल दो, पर पिक्चर निकलने दो.” मी नाही म्हणालो. ज्याच्यासोबत रोज एका डब्यात जेवलो, त्याच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घालणे मला सहन झाले नसते. त्या दिवशी मला रडू आले होते, हेही इथे लिहून ठेवतो.

मग डीव्हीड्या आम्हीच काढल्या. दुकानदार घेईनात, तेव्हा तानुबाईने त्या लग्नांत आहेर म्हणून द्यायला सुरुवात केली. नातेवाईक नाराज झाले, पण आहेर परत कोण करतो? आणि सयाजीने एक डीव्हीडी कंपनीच्या बसमध्ये लावली. रहाटणीहून निघोज्याच्या कंपनीत जाताना अर्धा सिनेमा, मग शिफ्ट, परतताना उरलेला अर्धा. आठ तासांचे मध्यंतर जगात दुसऱ्या कुठल्या सिनेमाला नसेल. सुट्टीचा भोंगा झाला की चोराचे पुढे काय झाले हे पाहायला माणसे बसकडे पळायची.

गेल्या वर्षी दौलतराव स्वतः रहाटणीला आले. आता मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्यांशी त्यांचे काम चालते. गुरुवारचा किस्सा त्यांच्या कानावर गेला होता. अट मात्र जुनीच, सगळे हिंदी करा. मिनलही म्हणाली, “पप्पा, जास्त लोक बघतील, काय बिघडलं?” तिच्या मनात खोट नव्हती. पण मला कळले की मी डोळे मिटले की आमच्यापैकी एकाचा आवाज जाणार. सकाळच्या शिफ्टला मी दौलतराव आणि मिनल या दोघांना सयाजीच्या बसमध्ये नेऊन बसवले.

बस भरली, सिनेमा सुरू झाला. बिहार-ओडिशातून आलेली नवी पोरे माझे मराठी संवाद माझ्याआधी म्हणू लागली. आपली मावळातली मंडळी सुजितची हिंदी म्हणू लागली. एक ओडिया पोरगा मिनलला म्हणाला, “ताई, मी मराठी इथंच शिकलो.” तंबाखूचा प्रसंग आला आणि अख्खी बस एका सुरात ते वाक्य म्हणाली. दौलतराव इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसू लागले. निघोज्याला उतरताना मला म्हणाले, “ओव्हाळ, जिंकलात तुम्ही. आहे तसाच काढू.” आणि काढला. आज तो घरोघरी मोबाइलवर दिसतो, दोन्ही भाषांत, बंद शटरांसकट. मिनलने बसमध्येच माझा हात धरला होता. दंडाला चिमटा काढून पाहावा असा तो दिवस होता.

म्हणून असे ठरवतो की चित्रपट मिनल आणि सुजितची मुलगी पिंकी या दोघींचा, समसमान. दोघी एकाच ताटात जेवून वाढल्या आहेत. एकीच्या संमतीशिवाय दुसरीने त्यातला एक शब्दही बदलू नये, कोणाचाही आवाज काढू नये, आणि रस्त्यावर कॉम्प्युटरने गर्दी घालू नये. मूळ डीव्हीडी एक वर्ष वाकडला मिनलकडे, एक वर्ष निघोज्याला पिंकीकडे राहील.

निम्मा वाटा खरे तर सुजितच्याच नावे करायचा होता, आणि साक्षही त्याचीच हवी होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला वाटा दिला तर पुढे वादाला तोंड फुटते, दोन्हीपैकी एक ठरवा. सुजित म्हणाला, “हिस्सा पिंकी को दे दो, भाऊ. मैं गवाह बनूँगा.”

माझ्या मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गुरुवारीच ठेवावा, म्हणजे कोणाला रजा टाकावी लागणार नाही. बुद्धवंदना झाली की सिनेमाचा उत्तरार्ध लावावा. पूर्वार्ध सगळ्यांना पाठ आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तानुबाईने करावी. सिनेमात वायरलेसवरचा साहेबाचा आवाज तिचाच आहे, त्यामुळे तिचे कोणी मोडणार नाही.

वकिलांनी शेवटी आणखी एक सूचना केली. साक्षीदारांचे लेखी म्हणणे एकाच भाषेत असावे, दिसायला बरे. मी नकार दिला आहे.

ठिकाण: रहाटणी
दिनांक: १ मे २०२५, गुरुवार (कामगार दिनाची सुट्टी साप्ताहिक सुट्टीत बुडाली, याचा निषेध)

लिहून देणार: खंडू रामजी ओव्हाळ (सही)

साक्षीदार पहिले: खंडू ओव्हाळ यांनी माझ्यासमोर वाचून सही केली. एक भाषा ठेवा, असे मी म्हणालो होतो. ती माझी चूक होती.
दौलतराव (सही)

साक्षीदार दुसरे: खंडूभाऊ ने मेरे सामने दस्तखत किए. पूरे होश में हैं. भाऊ, कागज बन गया, ठीक है. मगर जल्दी क्या है, आज तो गुरुवार है.
सुजित (सही)