झकिया, पाणी दे

बाब सुइका, ट्युनिस
रमजानचा चोविसावा रोजा, भर दुपार

प्रिय झकियाताई,

सलाम. तू बरी असशील, सलीमभाऊजी बरे असतील, पोरांच्या परीक्षा नीट पार पडल्या असतील आणि तुझ्या सासूबाईंचे, लल्ला बेयांचे, गुडघे यंदा फार कुरकुरत नसतील, अशी आशा करते. आम्ही इकडे मजेत. ईदच्या मकरूदच्या वड्यांसाठी आईने खजूर कुटून ठेवलेत आणि रोज त्यावरचं फडकं उचलून बघते, जणू ते पळून जाणार आहेत.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझ्या घरी दूध उतू जातं आणि तू फोन ठेवतेस. अकरा वर्षं जातंय. स्फॅक्समधल्या सगळ्या गायी तुझ्याच दारात बांधल्यात की काय, असं आईला एकदा विचारलंसुद्धा मी. पत्र असं खाली ठेवता येत नाही. ठेवलंस तरी उचलून वाचशीलच, मी ओळखते तुला.

तर बातमी ऐक. आजच्या पेपराने बाबांच्या ‘कोपऱ्यावरचं दुकान’चे आजवरचे सर्वोत्तम पाच भाग छापलेत, वाचकांनी निवडलेले. चौदा रमजान चाललेली मालिका, किती लेखक आले, किती पळाले, आणि पाचच्या पाच भाग कोणाचे? तुझ्या धाकट्या बहिणीचे. गच्चीवरून खाली यायला तयार नसलेल्या मेंढ्याचा भाग तिसरा. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच लग्नात एकाच शिंप्याचा एकच कपडा घातला, तो चौथा. सकाळपासून मी तो पेपर घेऊन घरभर फिरतेय. आई म्हणाली, रोजा आहे, फुशारकी मारून तो वाया घालवू नकोस. मी म्हटलं, उपास पोटाचा आहे, फुशारकीचा नाही.

पहिला आलेला भाग याच महिन्यातला आहे. तू तो बघितला नसणार, कारण बाबा दिसले की तू टीव्ही बंद करतेस. पण त्यातलं एक वाक्य तुझ्या कानावर पडलंच असेल. मासळीबाजारात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी. ‘झकिया, पाणी दे.’ इथे चहावाले पोरांना हाक मारतात तरी असंच, नळ गेला तरी बायका हेच ओरडतात, परवा फुटबॉलच्या मैदानात हजारभर माणसांनी पंचाला हेच सुनावलं. तुझ्या शेजारणी तुला चिडवत असतील आणि तू म्हणत असशील, काय मेला योगायोग.

योगायोग नाही तो. आता सगळं सांगते. जरा बस.

गेल्या महिन्यात, शाबानमध्ये, बाबांना ‘थोडा रक्तदाबाचा त्रास झाला’ असं मी तुला कळवलं होतं. थोडा नव्हता. झटका होता. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि वाचा गेली. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्यांनी काय केलं असेल? माझ्या पाकिटातला तुझा फोटो दाखवून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. तिला सांगायचं नाही. आईला शपथ, मला शपथ. म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो. रागाव हवं तर, पण आधी पुढचं वाच.

आमचा निर्माता फर्जानी संत्री घेऊन भेटायला आला आणि जिन्यातच मला म्हणाला की सालहकाकाला आता मारावं लागेल. म्हणजे बाबांना नाही, त्यांच्या पात्राला. दुकानात काळी फीत लावलेला फोटो, दोन अश्रू आणि मग गल्ल्यावर पुतण्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई, त्या माणसाला तू काहीही म्हण, पण त्याला त्या दुकानाशिवाय दुसरं जगच नाही. तो फोटो त्याने टीव्हीवर बघितला असता, तर दुसऱ्या दिवशी आम्हाला घरात खरा लावावा लागला असता.

मी सांगितलं, सालहकाका मरणार नाही. तो गप्प बसेल.

फर्जानी हसला. “आमना, अख्ख्या ट्युनिसमधला सगळ्यात तोंडाळ दुकानदार आणि तो मुका? हे म्हणजे मिठाशिवाय सूप.”

“सूप मी करते,” मी म्हटलं, “तू नुसतं वाढ.”

गोष्ट साधी होती. उपासाने डोकं फिरलेला सालहकाका गल्लीतल्या एकूण एक माणसाशी भांडतो. समोरचा न्हावी पैज लावतो की पहाटेच्या फजरपासून रोजा सोडायच्या तोफेपर्यंत एक शब्दही न बोलता राहून दाखव. झालं. मग सगळी गल्ली सूड उगवायला दुकानात लोटते. कोणी बदाम खिशात घालतो आहे, कोणी तराजूवर अंगठा ठेवतो आहे, बायको खदूजा चौदा वर्षांची गाऱ्हाणी एका दमात ओतते आहे, आणि हा नुसता बघतो. बाबांकडे शिल्लक काय होतं? डावा हात आणि दोन भुवया. त्या दोन भुवयांनी त्यांनी जे केलं ना, ते धडधाकट माणसाला अख्ख्या देहाने जमणार नाही. वाकडं तोंड मिशीखाली झाकलं. हो, तीच मिशी. डिंकाची.

त्या मिशीबद्दल तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी, तुझं लग्न ठरलेलं असताना, सत्ताविसाव्या रात्री तुझ्या सासरची माणसं मौसमची, सणाच्या भेटींची, ताटं घेऊन आली, आई गोल गोल फिरत होती, आणि बाबा शूटिंग मध्येच टाकून तसेच धावत आले, मिशी लावलेली, एप्रन घातलेला. पाहुणे म्हणाले, आमची थट्टा मांडली आहे. ते वातावरण सावरायला बाबा सालहकाकाच्या आवाजात बोलायला लागले आणि होतं नव्हतं तेही बिघडलं. लल्ला बेया चहा न घेता उठल्या. लग्न झालं, पण तू ‘दुकानदाराची पोर’ हा टोमणा किती वर्षं ऐकलास, ते मला माहीत आहे. तुझा राग खोटा नव्हता. पण तो माणूस त्या रात्री मिशी काढायला थांबला नाही, कारण त्याला उशीर करायचा नव्हता. एवढं मला आज लिहू दे.

असो. आता त्या भागाचा शेवट. तोफ उडते, पैज जिंकली, आता सालहकाका दिवसभराच्या शिव्या एकदम हासडणार म्हणून गल्ली कानांवर हात ठेवून उभी आहे. आणि तो फक्त म्हणतो, ‘पाणी.’ वाचा शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडून हा एक शब्द घोटून घेतला होता. तोही जमला नाही तर? म्हणून मी तोफेचा आवाज त्याच्यावरच टाकायचा असं ठरवून ठेवलं होतं. कोणाला कळलं नसतं.

बाबा मात्र घरी न्हाणीघराचं दार लावून कसला तरी सराव करायचे. आतून नुसतं झूं झूं ऐकू यायचं. आई म्हणायची, नळ बिघडलाय, माणूस बोलाव.

शूटिंगच्या दिवशी तोफ उडाली. बाबांनी मान वळवली. खदूजाचं काम करणारी दलंदा पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिच्याकडे न बघता, दाराकडे बघून, एकेक अक्षर दगडासारखं उचलत ते म्हणाले:

“झकिया, पाणी दे.”

मी तिथे मॉनिटरपाशी उभी होते. मला लगेच कळलं. बाकी कोणाला काही कळेना. बिचाऱ्या दलंदाने मागे वळून बघितलं की ही झकिया कोण आणि माझ्या दुकानात कशी, आणि तो तिचा चेहरा इतका बेफाम होता की कॅमेरावालाच हसायला लागला. फर्जानी म्हणाला, नाव चुकलं, परत घेऊ. मी म्हटलं, यातला एक श्वासही कापलास तर उद्यापासून तूच लिही. आवाजावर टाकायची ठरवलेली तोफ मी माझ्या हाताने काढली.

बाराव्या रोजाला, नेहमीसारखा तोफ झाल्याबरोबर, तो भाग लागला. तुला माहीत आहे, आपल्याकडे पहिली काही मिनिटं विनोद टाकायचाच नसतो, लोक सूप ओरपत असतात, चमच्यांच्या आवाजात सगळं बुडतं. आणि मी टाकली होती शांतता! लोकांना वाटलं टीव्हीचा आवाज गेला. घरोघरी कोणीतरी उठून टीव्हीला थापड मारली. वाहिनीवर तक्रारीचे फोन सुरू झाले, फर्जानीने घाबरून मला शिव्यांचा निरोप पाठवला. मी खिडकी उघडून उभी राहिले. हळूहळू खालच्या मजल्यावरचे चमचे थांबले. मग समोरच्यांचे. आणि मग, ताई, सगळी गल्ली एकदम हसली. असं हसणं मी चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. बाबांनी ते ऐकलं. डाव्या हाताने मांडीवर थाप मारली आणि त्यांचं सूप सांडलं. आई सांडलेलं पुसत रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम.

तेव्हापासून देशाला एकच प्रश्न. झकिया कोण? दुसरी बायको? जुनं प्रेम? आमचं तर माहीत आहे तुला, आज लागणारा भाग काल लिहिलेला असतो. मी खदूजाला घेऊन धडाधड भाग लिहिले, ती घरोघरी झकिया शोधत हिंडते. अमुक मंत्र्यांच्या बायकोने म्हणे नवऱ्याला विचारलं. अख्खा देश डोकं खाजवतोय आणि उत्तर माहीत असलेली मी इफ्तारला निवांत खजूर खाते.

उत्तर ओळखणारं माणूस एकच निघालं. कोण सांग? तुझ्या सासूबाई. गेल्या आठवड्यात लल्ला बेयांचा फोन आला. त्या मालिका तुझ्या नकळत पाहतात, शेजारच्या घरी, गुडघे दुखत असताना जिना चढून. त्यांनी विचारलं, “तो आमच्याच झकियाला हाक मारत होता ना?” मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, त्या रात्री चहा घेतला असता तर काय बिघडलं असतं माझं.

शेवटचा भाग मी अजून लिहिलेला नाही. फर्जानी नखं खातोय. त्याला मी काहीतरी देईनच लिहून, माझ्याकडे गोष्टींचा तोटा नाही, पेपर साक्षीला आहे. पण घरातला शेवट मला लिहिता येत नाही, तो माझ्या हातात नाही. बाबा आता सात-आठ शब्द बोलतात. तुझं नाव त्यातलं सगळ्यात स्वच्छ येतं.

सत्ताविसावी रात्र आता तोंडावर आली आहे. संध्याकाळच्या आत पोचेल अशी गाडी स्फॅक्सहून दुपारी निघते. दुधाचं कारण देऊ नकोस. लल्ला बेयांनी फोन ठेवताना मला सांगितलं आहे: “तिला बोलावून घे. दुधाकडे मी बघते.”

रोज तोफ झाली की बाबांना पहिला पेला मी देते. सत्ताविसाव्या रात्री मी तो भरून त्यांच्यासमोर ठेवीन, पण उचलणार नाही.

तुझी वाट बघणारी, पाचही भागांची एकटी लेखिका,
आमना