वाळूतल्या उड्या

बाई, आज मी एका मुलीला निवड चाचणीतून मागे घेतलं. शिरगावची आहे, लांब उडी मारते, आणि आपल्याकडच्या पोरींसारखीच किनाऱ्यावरच्या वाळूत शिकलेली. वाळूत तिचा दोष दिसतच नाही. कडक मैदानावर बाकावरून उडी मारून उतरवलं, की उजवा गुडघा आत वळतो. मोबाईलवर व्हिडिओ संथ करून दाखवला, तर म्हणाली, "पण म्याडम, दुखत तर नाय!"

आठवीत मी तुम्हाला हेच म्हटलं होतं. मासळी सुकवायच्या सिमेंटच्या ओट्यावर तुम्ही आम्हाला आणलंत. "वाळू तुमचे लाड करते गं, जमीन करणार नाय." मग तुम्ही पाठ फिरवून उभ्या राहायचात, आम्ही एकेक उडी मारून उतरायचो. धप्प झालं, की न वळताच विचारायचात, "कोण गं ती? नारळ पडला काय?" त्या वर्षी तुम्ही मला स्पर्धेला नेलं नाहीत. नुसतं उतरायला लावलंत: आधी चवडे, मग टाच, गुडघे वाकव, कंबर मागे. मी घरी जेवेना, तेव्हा चुलीपाशी बसून आईला म्हणालात, "तिला उडायचं हाय. मला तिला चालती ठेवायची हाय."

उतरताना वजनाच्या कितीतरी पट भार पायांवर येतो, मांड्यांनी तो सावकाश झेलला नाही तर गुडघ्याचं लिगामेंट तुटू शकतं, हे मी कॉलेजात शिकले. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ते सगळं तुम्हाला सांगायचं होतं, पण तोवर तुम्ही गेला होतात.

संध्याकाळी मुलीची आई बोईसरच्या मैदानावर आली. "म्याडम, पुढच्या वर्षी वयात बसणार नाय ती." मी म्हटलं, "हो, नाही बसणार." मुलगी डोळे पुसत बाकावर चढली. मी पाठ फिरवली. धप्प! "नारळ," मी म्हटलं. तुमचा नारळ माझ्या सगळ्या मुलींना ठाऊक आहे; ती रडता रडता हसली. पुन्हा धप्प, पुन्हा धप्प. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. रुसून बसली वाटतं, म्हणून वळले, तर ती खाली उभी होती, गुडघे वाकवून.

"तुमच्या बाईंना दाखवायला कधी जायचं?" तिनं विचारलं.

"जाऊ," मी म्हटलं. बाई, तुम्ही नाही आहात, हे मी मुलींना अजून सांगितलेलं नाही.