संदर्भासाठी; बाहेर नेऊ नये

१२ जुलै २००५, मंगळवार

पुस्तकांच्या यादीत संगणकासाठी एकच जागा उरली आहे. पदविकेच्या मुलींना दिवाळीनंतर सी प्लस प्लस ही भाषा सुरू होणार, तिच्यासाठी संदर्भग्रंथ हवा. विक्रेत्याने दोन नमुने ठेवून दिले. एक जाडजूड, परदेशी, अगदी नवी आवृत्ती. दुसरं पिवळ्या कव्हरचं, इकडच्याच कुणा प्राध्यापकाने लिहिलेलं, कागद पापडासारखा. पिवळ्याच्या पहिल्या तीन पानांत इंग्रजीच्या अकरा चुका.

संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. प्रस्तावना मात्र कळते. शाळेत सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, ज्याला स्वतःची ओळख नीट करून देता येत नाही त्याच्या घरी जेवायला जाऊ नये. मोठ्याची प्रस्तावना दोनदा वाचली. किती स्वच्छ इंग्रजी!

१३ जुलै, बुधवार

संगणकाच्या इंगळे सरांना विचारलं. "पिवळं घ्या मॅडम, पोरी तेच वाचतात."

मी चुकांची यादी दाखवली. ते हसले. "तुमी इंग्रजी पायता, आमी प्रोग्राम पायतो. घ्या तुमाले जे घ्याचं ते. ग्रंथपाल तुमी."

टोमणा होता. मला लागला. मोठ्यावर खूण केली.

२८ जुलै, गुरुवार

मोठं पुस्तक आलं. खाकी कव्हर घातलं, कोपरे दुमडून, सिस्टरांनी शिकवलं तसे. आत शिक्का मारला: संदर्भासाठी, बाहेर नेऊ नये. पुढच्या वर्षी मी निवृत्त. कपाटात माझ्या हातची एक तरी चांगली वस्तू राहील.

३ ऑगस्ट, बुधवार

एक मुलगी रोज येऊन ते पुस्तक मागते. शाहीन, वलगावची. वडील रहीमभाई पिंजारी, गाद्या-रजया भरतात, थोडी शेतीही आहे. आईची बोटं वाकलीत, सुई धरवत नाही.

"भाषा तर दिवाळीनंतर आहे ना तुमची?"

"तवा मी नसन मॅडम. कापूस वेचाले जा लागते."

चारच्या एस.टी.ने परत जायचं असतं. अर्धा तास मिळतो तिला. तेवढ्यात दोन पानं. शब्द अडला की माझ्याकडे येते. आज विचारलं, 'अम्बिग्युअस' म्हणजे काय. सांगितलं. म्हणाली, "म्हंजे आमच्या अब्बासारखं. हो बी म्हन्तात अन् नाई बी."

खूप दिवसांनी टेबलाशी बसून हसले.

८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी आणि ईद यंदा एकाच आठवड्यात. शाहीन डब्यात शीरखुर्मा घेऊन आली आणि उभीच राहिली.

"मले ते पुस्तक घरी भेटन का? उद्यापासून वेचनी. सर शिकवतीन तवा मी वावरात असन."

शिक्क्याकडे बोट दाखवलं मी. तिने डबा धुऊन ठेवू का, एवढंच विचारलं.

मग तिने बाकीचं सांगितलं. धाकटी नीलोफर दहावी होऊन घरी आहे, तिला नर्सिंगच्या छोट्या वर्गाला बसायचंय, त्यांची नवी तुकडी जानेवारीत. पण गाद्या शिवायला घरी एक मुलगी लागतेच. रहीमभाईंनी ठरवलंय, एका वेळी एकच शहरात. शाहीन या डिसेंबरचं प्रात्यक्षिक पास झाली तर तिची दुसरी सहामाही. अडकली तर जानेवारीपासून ती घरी आणि नीलोफर एस.टी.त.

पुस्तक दिलं. पस्तीस वर्षांत प्रथमच शिक्क्याचं पुस्तक बाहेर. रजिस्टरात नोंद नाही केली. म्हटलं, "हेच वाच. दुसरं काही बघू नकोस. याच्याइतकं बरोबर दुसऱ्या कशातच नाही."

२० नोव्हेंबर, रविवार. अकोला

बाळूकडे. मूर्तिजापूरपर्यंत गाडीत सगळ्यांच्या तोंडी कापूस. या वर्षी बोंडं लहान, पानं लाल. वेचायला गेलं की काट्यांनी बोटं फाटतात आणि ओटीत काही दिसत नाही, असं एक बाई सांगत होती. शाहीनची बोटं डोळ्यापुढे येत राहिली.

बाळूला पुस्तकाचं सांगितलं. धाकटा भाऊ, चिडवतोच. "ताई, प्रस्तावना वाचून पुस्तक घेतलंस! आलेल्या सगळ्या स्थळांच्या पत्रांत तू शुद्धलेखन तपासलंस, म्हणून तर राहिलीस."

वहिनी त्याला म्हणाली, "असू द्या हो, तुमच्या पत्रात किती चुका होत्या ते मला माहीत आहे."

आम्ही तिघं हसलो. नंतर उगाच जरा...

५ डिसेंबर, सोमवार

शाहीन आली. हात खरबरीत, चेहरा काळवंडलेला. पुस्तकाला वरून जुन्या चादरीच्या कापडाचं आणखी एक कव्हर, तिने शिवलेलं. सोबत दोनशे पानी वही, सगळे प्रोग्राम हाताने उतरवून काढलेले. घरी संगणक नाही. म्हणाली, "वावरात मनातच चालवून पायले. एक तर मी सोताच बनवला. वेचनाऱ्या बायांची नावं मागंपुढं सांगितली तरी ते बराबर ओळीनं लावते."

लॅबमध्ये एकदा तरी करून बघ, म्हटलं. गेली. वीज नव्हती. उद्याही दुपारची नसणार, परवाही नाही. भारनियमनाचा कागद दारावर चिकटवलेला.

८ डिसेंबर, गुरुवार

प्रात्यक्षिक. परीक्षक अकोल्याचे, बाहेरचे. वीज होती, कॉलेजने जनरेटर आणला होता.

साडेतीनला शाहीन माझ्या टेबलाशी आली. रडत नव्हती. "पुस्तकातलं जसंच्या तसं लिवलं मॅडम. पैल्याच ओळीपासून मशीन नाई म्हन्ते. मी खोडून पुन्ना तेच लिवलं. चार डाव."

म्हणजे? काहीच चाललं नाही?

"काईच नाई."

चारची एस.टी. तिने सोडली नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

इंगळे सरांना वही दाखवली. पानं उलटत गेले, मग खुर्ची ओढून बसले. बराच वेळ वाचत होते.

"पोरीनं एक चूक नाई केली मॅडम."

मग?

सावकाश समजावलं त्यांनी. आपल्या लॅबमधली यंत्रणा दहा वर्षांपूर्वीची, विद्यापीठाचा अभ्यासक्रम तिच्यावरच बेतलेला. मोठं पुस्तक नव्या यंत्रणेसाठी लिहिलेलं. त्याच्या पद्धतीने लिहिलं की आमच्या जुन्या मशीनला पहिल्या ओळीपासून काही उमगत नाही. वर्गातल्या मुली पहिल्याच दिवशी जुनी रीत शिकल्या. शाहीन त्या दिवशी वावरात होती. आणि पिवळ्या पुस्तकात जुनीच रीत दिलेली आहे, पहिल्या पानापासून.

"तरी म्हनलं होतं मी," असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

परीक्षकांचं तरी काय चुकलं. पडद्यावर जे चालेल त्याचे गुण.

हेच वाच, दुसरं काही बघू नकोस. मी सांगितलं होतं.

११ डिसेंबर, रविवार

इथल्या दुकानांत पिवळं पुस्तक संपलेलं, म्हणून अकोल्याला जाऊन आले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक मिळालं, कुणीतरी समासात भरपूर लिहिलेलं. परतीच्या गाडीत वाचलं. चुका दिसत होत्या, मोजल्या नाहीत. या माणसाला लिहिता येत नसेल, पण आपल्याकडची लॅब त्याने पाहिलेली आहे. प्रत्येक धड्याच्या शेवटी 'मशीन असं म्हणालं तर काय करावे' असा तुकडा. तो मी तेव्हा वाचलाच नव्हता.

१४ डिसेंबर, बुधवार

रहीमभाई आले. बंडीच्या खिशाला कापसाचे तंतू. भांडायला आले असतील असं वाटलं. पुस्तक परत करायला आले होते, कापडी कव्हरासकट.

सांगून टाकलं सगळं. पुस्तक मी निवडलं, सर सांगत होते तरी ऐकलं नाही, तुमच्या मुलीचं नुकसान मी केलं.

"आता तुमी काहून रडून राह्यल्या मॅडम?" पाण्याचा ग्लास त्यांनीच पुढे केला. "मीबी औंदा नवंच बियानं आनलं. पाकिटावर बोंडं अशी मोठी. पन मातीले पाकीट वाचता येत नाई."

नीलोफरचं विचारलं. खाली पाहत म्हणाले, "तिनं तर पांढरी साडी बी पाहून ठेवली. दोघी एका गादीवर झोपतात, चार दिस झाले बोलल्या नाई एकमेकीसंगं."

कापडी कव्हरातलं पुस्तक खणात ठेवलं.

१६ डिसेंबर, शुक्रवार

इंगळे सर म्हणतात, विद्यापीठाने ठरवलं तर फेरप्रात्यक्षिक होतं. पण कॉलेजने चूक आपली आहे असं लेखी द्यावं लागेल.

प्राचार्या बाईंकडे गेले. "मुलगी गैरहजर होती, एवढंच कारण लिहू," म्हणाल्या. म्हटलं, त्याने तर ती पुन्हा अडकेल. मग दार लोटून घेऊन, मायेनेच: "निवृत्तीला पाच महिने राहिले तुमचे. शिक्क्याचं पुस्तक बाहेर दिलं, तेही नोंदीशिवाय, हे स्वतःच्या हाताने लिहून देणार?"

टेबलाशी परत आले.

सिस्टर ॲग्नेस तोंडी माफी घेत नसत. वहीचं पान पुढे करायच्या. काय केलंस, कुणाचं बिघडलं, आता काय करशील. तीन ओळी. नवव्या वर्षी मला ते फार क्रूर वाटायचं.

१७ डिसेंबर, शनिवार

पत्र लिहिलं, मराठीत. काय केलं. कुणाचं बिघडलं. तिसऱ्या ओळीपाशी खूप वेळ. शेवटी: 'विद्यार्थिनीला एक संधी द्यावी.' हे काही मी करणार ते नव्हे. पण दुसरं सुचलं नाही.

बाईंनी चष्मा काढून वाचलं आणि सही केली. इंगळे सर स्वतः विद्यापीठात देऊन आले.

२३ डिसेंबर, शुक्रवार

शाहीन रोज येते आहे, फेरप्रात्यक्षिक झालंच तर म्हणून. डाव्या हाताला पिवळं, उजव्या हाताला मोठं. आज वीज दोन तास होती. मला लॅबमध्ये बोलावलं. वेचणाऱ्या बायकांची नावं उलटसुलट टाइप केली, एक बटण दाबलं. कमला, नसीम, रुक्मा, शोभा. ओळीने उभ्या राहिल्या पडद्यावर.

इंगळे सर मागून म्हणाले, "हे काई पिवळ्यात नाई हं. हे मोठ्यातलं डोकं हाय."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. बरं वाटलं.

२५ डिसेंबर, रविवार

शाळेच्या चॅपेलमध्ये जाऊन आले. नाताळच्या गव्हाणीत यंदा गवताऐवजी कपाशीची वाळली पऱ्हाटी. नवीन सिस्टर कुणी ओळखीच्या नाहीत. सिस्टर ॲग्नेस बसायच्या त्या बाकावर जरा वेळ. नीलोफरसाठी प्रार्थना करावी की शाहीनसाठी, ठरेना. तशीच उठले.

२९ डिसेंबर, गुरुवार

विद्यापीठातून काही नाही. इंगळे सरांनी फोन केला. पत्र टेबलावर आहे, साहेब सुटीवर, सोमवारी बघतील किंवा उत्तर टाकलं असेल तर टपालात असेल. हो बी अन् नाई बी.

मोठ्या पुस्तकावरचा शिक्का लाल शाईने खोडला. खाली पहिली रीतसर नोंद: शाहीन, ८ नोव्हेंबर.

३१ डिसेंबर, शनिवार

दुपारी तिघंही आले. रहीमभाई आणि दोन्ही मुली. नीलोफरला प्रथमच पाहिलं. शाहीनपेक्षा उंच, माझ्याकडे न बघता पुस्तकांकडे बघणारी. बहिणी दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसल्या.

एस.टी.च्या पासाचे दोन अर्ज आणलेत. एकावर आमच्या कॉलेजचा शिक्का, दुसऱ्यावर नर्सिंगवाल्यांचा. दोन्हीवर फोटो लावलेले, दोघींनी एकच ओढणी घेतलेली. सोमवारी, शेवटच्या दिवशी, दोनातला एकच द्यायचा: फेरप्रात्यक्षिकाचं पत्र आलं तर शाहीनचा, नाही तर नीलोफरचा.

"तुमच्यापाशी ठेवा मॅडम," रहीमभाई म्हणाले. "माह्या घरात ठेवले तर कोनी तरी एक फाडन."

जाताना नीलोफर दारातून परत आली. शाहीनला म्हणाली, "तुहं पिवळं पुस्तक राह्यलं." हातात दिलं. तीन आठवड्यांत पहिलं वाक्य असेल. शाहीनने घेतलं.

दोन्ही अर्ज माझ्या खणात, एकावर एक. वरचा कुणाचा आहे ते मुद्दाम पाहिलेलं नाही.

सोमवारी टपाल अकराच्या सुमारास येतं. पासाची खिडकी बाराला बंद होते.