जयसिंगची दांडी अडकली नव्हती

मी, कोंडिबा बहिरू तांबट, वय अंदाजे सहासष्ट, धंदा तांबटकाम, राहणार पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज सकाळी ओसरीवर उजेडात बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली. अक्षर वाकडे असले तरी डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूचही दाखवलेली नाही. छातीत दोनदा कळ येऊन गेली म्हणून घाई करतो आहे. याआधी दोन कागद लिहिले आणि दोन्ही भट्टीत घातले, कारण कलम सहापाशी हात थांबला. त्यांचा एखादा अर्धा जळका तुकडा कोणाला सापडल्यास तो खरा धरू नये. हा कागद खरा, आणि मुख्यतः तो कलम सहासाठीच आहे.

माझ्यामागे पत्नी रंभाबाई, मुलगा जयसिंग आणि जवळच्याच चांदे गावी दिलेली मुलगी सगुणाबाई अशी तीन माणसे राहतील.

कलम पहिले. राहते घर व पुढचे अंगण रंभाबाई हयात असेपर्यंत तिचे. आई, आता लेकीकडे जाऊन राहा, असे तिला कोणी म्हणू नये. तिला दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी जमत नाही आणि मग ती जेवत नाही. तिच्यामागे घर जयसिंगचे. मागच्या बाजूची कौले पावसाच्या आधी बघावीत. बघतो बघतो म्हणून मी तीन पावसाळे काढले, तसे करू नये.

कलम दुसरे. चांद्याच्या हद्दीतली पाऊण एकर वरकस जमीन सगुणाबाईस. जावई भला माणूस आहे, पण जमीन तिच्याच नावावर लागावी. जावयाने राग मानू नये. मानला तरी त्याचा राग दोन दिवसांत जातो, असा अनुभव आहे.

कलम तिसरे. पोस्टातले पुस्तक रंभाबाईचे. त्याबद्दल अधिक काही नाही.

कलम चौथे. समोरच्या चहाच्या दुकानाचा बाजी यास माझ्याकडून काही नाही. हैबतरावांची मोटर शर्यतीत जयसिंगच्या हातामुळे पडली, असे त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितले. वर्षभर सांगितले. तरी तेराव्याला त्याला पानावर बोलवावे. त्याने सांगितले ते त्याला खरे वाटत होते, आणि ते खोटे आहे हे ज्याला ठाऊक होते तो गप्प बसला होता. तो कोण ते पुढे येईल.

कलम पाचवे. ऐरण, हातोड्या, भाता, पत्रा कापायच्या कात्र्या आणि कर्ण्यांचे सर्व लाकडी साचे जयसिंगचे. त्याने ते वापरावेत अशी अट घालत नाही. विकायचे झाल्यास कलम सहा वाचून मग विकावेत, इतकेच मागणे. कलम सहात येणाऱ्या मोटरीसाठी केलेल्या कर्ण्यांपैकी चार बोटे लांबीची जोडी रंभाबाई रॉकेल ओतायला वापरते, ती तिची. बारा बोटांची जोडी सगुणाबाईच्या मुलांना फुंकायला द्यावी. आमच्या देवळातल्या शिंगवाल्याने ती फुंकून पाहिली होती, पण त्यातून म्हशीसारखा आवाज निघाला आणि त्याने परत आणून दिली. आठ बोटांची जोडी मोटरीबरोबर गेली.

कलम सहावे. हे सावकाश वाचावे.

बावधनचे हैबतराव यांनी एका परत जाणाऱ्या गोऱ्या साहेबाकडून दोन माणसांची, बिनछपराची, धावायची मोटर घेतली होती. सत्तावन्न साली पुण्याच्या हौशी मोटरवाल्यांनी पिरंगुटच्या घाटात चढाची शर्यत ठरवली. या मोटरीच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर होते आणि त्यांच्या तोंडावरची, हवा आत घेण्याची मूळची डबडी गंजून गेली होती. नवी विलायतेहून आणायची तर शर्यत होऊन गेली असती. जयसिंग तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, लॉरीची कामे करायचा. तो हैबतरावांना म्हणाला, आम्ही घरी करतो.

मी देवळांसाठी कर्णे आणि तुताऱ्या करीत आलो. मोटरीतले मला काही कळत नव्हते. जयसिंगने मला समजावले ते असे: "आबा, इंजान बी श्वास घेतंय. तुमच्या कर्ण्यातनं वारा भाईर येतो, ह्याच्यात आत जायाचा. तोंड तेवढं तुमी करा."

तो महिना माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला महिना होता. हे मी त्याला कधी सांगितले नाही, म्हणून लिहून ठेवतो. त्याने आधी सरळ नळीच बसवली होती. मी म्हणालो, कड बाहेर वळव, धारदार कडेला वारा बुजतो. तो हसला. मग आम्ही मोटर चालू ठेवून नळीच्या तोंडापाशी उदबत्ती धरली. सरळ नळीपाशी धूर अडखळला, मागे फिरला, पांगला. मी कड वळवलेल्या कर्ण्यापाशी तोच धूर दोऱ्यासारखा सरळ आत गेला. जयसिंग बराच वेळ उदबत्ती धरून बसला. मग म्हणाला, "आबा, तुमाला हे कुनी शिकीवलं?" मला कोणी शिकवले नव्हते. हात शिकला होता.

लांबी किती ठेवावी हे कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही चार, आठ आणि बारा बोटांच्या तीन जोड्या केल्या. हैबतराव घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोटर हाकायचे, जयसिंग शेजारी मनगटावरचे घड्याळ धरून. प्रत्येक जोडीने पाच-पाच खेपा केल्या. चार बोटांची चढावर दमायची, बारा बोटांची सुरुवातीला घुटमळायची, आठ बोटांची चांगली. धुळीसाठी रंभाबाईच्या जुन्या लुगड्याचे कापड एरंडेलात भिजवून कर्ण्याच्या आत, मागच्या सांध्यात कडीवर ताणून बसवले. दर खेपेनंतर ते काढून किती लाल झाले ते पाहायचो. पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंतची दांडीही जयसिंगने नवी घडवली. ती दांडी मी माझ्या हाताने शंभरदा ओढून पाहिली होती. ती मऊ चालत होती. हे वाक्य दोनदा वाचावे.

शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली तेव्हा मोटरीचीही झाली होती. तेवढ्यावर माझे भागायला हवे होते. पण माझा स्वभाव काळजीचा. शर्यतीच्या सकाळी जयसिंग आंघोळीला गेला होता. मनात आले, परवा पूजा केली ती तोंडाला केली नाही. ज्याने श्वास घ्यायचा ते तोंड कोरडेच राहिले. देवळासाठी नवा कर्णा केला की त्याच्या तोंडात चार अक्षता टाकल्यावाचून आमच्या घरातून तो कधी बाहेर दिला नाही. मी कुंकवात ओल्या केलेल्या अक्षता घेतल्या आणि दोन्ही कर्ण्यांच्या तोंडात टाकल्या. आत कापड आहे, ते अडवील, असे मला वाटले. कापड नव्हते. हवा मोकळी मिळावी म्हणून पहाटेच काढले होते, असे मागाहून कळले.

चौथ्या वळणाशी हैबतरावांनी पॅडलवरचा पाय उचलला. इंजिनाचा जोर उतरला नाही. मोटर रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर गेली आणि हैबतरावांचा डावा हात मनगटात मोडला. तो आजही वाकडा आहे.

जयसिंग त्यांना घेऊन पुण्याला इस्पितळात गेला. मोटर ओढून आमच्या अंगणात आणली होती. दुसऱ्या दिवशी मी एकटाच बसून ती उघडली. दांडी मऊ चालत होती. मागच्या कार्बोरेटरमध्ये हवेची जी गोल झडप असते, तिच्या कडेला तांदळाचा अर्धा ठेचलेला दाणा होता. लाल. त्याच्यामुळे झडप पुरती मिटली नव्हती. मी तो धोतराच्या सोग्याने पुसून काढला.

संध्याकाळी जयसिंग आला. हातपाय न धुता मोटरीपाशी बसला आणि म्हणाला, "आबा, माजीच दांडी आडकली आसंल."

मी म्हणालो, "आसंल."

एवढेच म्हणालो. तेव्हा वाटले, हैबतराव बरे होऊ देत, मग सांगू. मग वाटले, लोकांचे बोलणे थांबू दे. मग जयसिंगने हातोडी ठेवली आणि पुण्याला निघून गेला. तो आज भुसाराच्या पेठेत वजनकाट्यावर पोती मोजतो. दिवाळीला येतो, आईजवळ बसतो, कामाच्या पडवीत पाय ठेवत नाही. गेल्या दिवाळीला पणतीखालच्या पत्र्याची कड बोलता बोलता त्याच्या अंगठ्याने वळत होती. लक्षात येताच त्याने पत्रा खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेतला. मी पाहिले. तो माझ्यापेक्षा चांगला कारागीर झाला असता. अजून होईल.

तरी मी शपथेवर लिहितो की मोटर पडली ती माझ्या अक्षतांनी. जयसिंगच्या कामात खोट नव्हती. ही माझी शेवटची इच्छा नसून कबुली आहे, आणि ती गावात मोठ्याने वाचावी.

येथवर लिहून झाले. साक्षीदार हवेत म्हणून हैबतरावांना निरोप धाडला होता, ते जीप घेऊन आले. दुसरा लिहिता-वाचता माणूस जवळपास बाजीच. त्यालाही बोलावले. सही करणाऱ्याने आतला मजकूर वाचावा असा कायदा नाही, असे ऐकून आहे. मी कलम सहावर हात ठेवून कागद पुढे केला. पण हैबतरावांचा वाकडा डावा हात समोर कागद धरून होता. मग मी हात काढला आणि सगळे वाचून दाखवले, कलम चारसुद्धा.

बाजी मला म्हणाला, "तात्या, माज्याबद्दल लिवलंय ते खरं हाय. ऱ्हाऊ द्या."

मग हैबतरावांनी विचारले, हे जयसिंगला केव्हा कळायचे? मी म्हणालो, मृत्युपत्र आहे, माझ्यामागे वाचतील तेव्हा.

"म्हंजी तुमी सुटला," ते म्हणाले. "आन त्यो तवर पोतीच मोजनार. हात माजा मोडला कोंडिबा, मी वरीसभर शिव्या घातल्या आन इसरलो. त्येचा हात अजून गळ्यातल्या झोळीतच हाय."

मी म्हणालो, मला भीती वाटते. ते म्हणाले, वाटू द्या, जीप दारात आहे.

रंभाबाई दारामागून सगळे ऐकत होती. साडेसहा वर्षे मी तिलाही सांगितले नव्हते. ती बाहेर आली, माझी टोपी झटकून माझ्या हातात दिली आणि आत गेली.

म्हणून कलम सातवे. कलम एक ते पाच माझ्या मरणानंतर लागू व्हावीत. कलम सहा आजपासून लागू आहे. ते मी माझ्या तोंडाने जयसिंगला सांगणार आहे. वाटेत मला काही झाल्यास हैबतरावांनी वाचून दाखवावे, पण मला काही होऊ नये अशी इच्छा आहे.

वरील मजकूर माझा आहे, खाडाखोड माझी आहे, चुका माझ्या आहेत.

सही: कोंडिबा बहिरू तांबट

आमच्यासमोर कोंडिबा यांनी वाचून सही केली. ते शुद्धीवर आहेत, फक्त घाबरलेले आहेत.

साक्षीदार: हैबतराव, राहणार बावधन
साक्षीदार: बाजी, चहावाला, राहणार पौड

मुक्काम पौड, तालुका मुळशी. तारीख १२ मार्च १९६४.

त्याच दिवशी, पुणे, दुपारी. कलम सहा आबांनी वजनकाट्यापाशी उभे राहून मला वाचून दाखवले. मधे दोनदा थांबले. त्यात एक दुरुस्ती आहे, ती त्यांच्या परवानगीने मी खाली लिहीत आहे. आतले कापड मी पहाटे काढले आणि आबांना सांगायचे राहिले. ती चूक माझी. तेव्हा दोष दोघांत निम्मा-निम्मा मांडावा. रविवारी पहिल्या एस.टी.ने पौडला येतो.

सही: जयसिंग कोंडिबा तांबट