आठवी बाटली

प्रिय ठकू,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझी आई आणि मी ठीक आहोत. तुझी सुनावणी येत्या सोमवारी अकरा वाजता आहे आणि तुझा सायकल-संघ तुला कामावर परत घेतो की कायमचे काढून टाकतो, याचा निकाल त्याच दिवशी लागणार आहे, हे मला समजले. गेले तीन महिने तू फोन फक्त आईलाच करतेस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसतो, ती मुद्दाम मोठ्याने बोलते, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणते, ‘काय हो, वाचून झालं का सगळं?’

मी या सायकल-संघाचा भक्त कसा झालो, हे तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण त्यावाचून पुढचे लिहिता येणार नाही. एकेचाळीस वर्षे मी वजनकाटे दुरुस्त केले. अर्ध्या ग्रॅमसाठी मी गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबवीत असे आणि लोक त्यावर हसत. मग एके दिवशी दूरदर्शनवर त्या संघाचा स्वयंपाकी दिसला. प्रत्येक खेळाडूचा भात तो निरनिराळा तोलत होता, आणि तोलण्यापूर्वी काटा सपाट जागी आहे की नाही, हे वाकून पाहत होता. ठकू, माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या गाद्या आणि उशासुद्धा गावोगाव त्यांच्याबरोबर जातात, हे मला नंतर कळले. चढावर त्यांचे राखाडी सदरे एकामागे एक लागत आणि एकाच वेगाने वर जात राहत. मागचे प्रतिस्पर्धी पिकल्या पानांसारखे गळत जात. लोकांना ते आवडत नसे. आपले केशकर्तनालयवाले मला म्हणाले होते, ‘ही माणसं नव्हेत हो, शिलाईयंत्रं आहेत. शर्यत बघतोय की पडदे शिवून घेतोय, तेच कळत नाही.’ मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आलो होतो. पुढे तुला त्याच संघात काम लागले, तेव्हा सकाळी घरी दाढी केलेली असतानाही मी त्यांच्या दुकानात जाऊन पुन्हा खुर्चीवर बसलो, केवळ ती बातमी सांगण्यासाठी.

त्या दिवशीची शर्यत मी पाहत होतो. खेळाडूंना पाणी देण्याच्या ठरलेल्या जागी तू उभी होतीस. आठ खेळाडू, आठ बाटल्या. सात दिल्यास. आठवा गडी मागे पडला होता. तेवढ्यात दुसऱ्या संघाचा एक खेळाडू डगमगत तुझ्यासमोर आला आणि तू ती बाटली त्याच्या हाती दिलीस. आपला आठवा आला तेव्हा तुझे हात रिकामे होते. तो कोरडाच गेला आणि पुढच्या चढावर शर्यत सोडून सायकलवरून उतरला. शर्यत तरीही आपल्याच संघाने जिंकली. ते चित्र दूरदर्शनवर आठवडाभर दाखवीत होते, आणि ज्या संघाला रस्त्याच्या कडेला शिव्यांवाचून काही मिळाले नव्हते, त्याला तुझ्यामुळे टाळ्या मिळाल्या. केशकर्तनालयवालेसुद्धा रस्त्यात थांबून म्हणाले, ‘तुमच्या यंत्रात एक माणूस निघालं की!’ मी तसाच पुढे निघालो. चौकशी होईपर्यंत संघाने तुला कामावरून दूर केले तेव्हा मी तुला फोनवर एवढेच म्हणालो, की मोजून दिलेली वस्तू ज्याची त्याला पोहोचली पाहिजे. तू फोन ठेवलास. त्यानंतर आपले बोलणे झालेले नाही.

गेल्या रविवारी शर्यत आपल्या घाटातून गेली. मी जायचे ठरवले होते आणि तुझी आई न विचारता बरोबर निघाली. ऊन फार होते. निघताना मी पाण्याची एकच बाटली घेतली, कारण अंतर आणि वेळ पाहता तेवढे पाणी दोघांना पुरेसे होते. ती म्हणाली, ‘तहान मोजायचा काटा पण घ्या बरोबर.’ वळणावर आम्ही दोन तास उभे होतो. मग ते आले. अगदी दूरदर्शनवर दिसतात तसेच, एका रेषेत, तोंडे मिटलेली. इतकी वर्षे ज्यांच्यासाठी मी भांडलो, ते माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्यांनी हुर्यो उडवली. त्यांच्यापैकी कोणीही मान वळवली नाही, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. ते त्यांच्या कामात होते.

सर्वांत शेवटी, गाड्याही निघून गेल्यावर, एकटा एक खेळाडू आला. त्याच्या ओठांवर मीठ सुकले होते. तो चालण्याच्या वेगाने चढत होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले नाही, हातातल्या बाटलीकडे पाहिले. मी ती पुढे केली आणि त्याच्याबरोबर दहा-बारा पावले धावलो. या वयात मी धावलो, ठकू. आईने नंतर विचारले, ‘कोणत्या संघाचा होता हो?’ मला सांगता येईना. सर्व संघांचे सदरे मला तोंडपाठ आहेत, परंतु त्याच्या सदऱ्याकडे मी पाहिलेच नव्हते. आम्ही दोघे घरी येईपर्यंत तहानलेले राहिलो आणि ती एका शब्दानेही मला बोलली नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, ते लिहितो. तुला कामावरून दूर केले त्याच आठवड्यात मी तुझ्या व्यवस्थापकांना पत्र पाठवले होते. तुला किंवा आईला विचारले नाही. ‘माझ्या कन्येकडून शिस्तभंग झाला, हे मी तिचा पिता या नात्याने मान्य करतो व कुटुंबातर्फे क्षमा मागतो,’ असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले, तारीख घातली, सही केली. तीन वेळा कच्चे लिहून मगच पक्के केले होते. मला ते सभ्यपणाचे वाटले. गुरुवारी त्यांचे उत्तर आले, की सदर पत्र सोमवारच्या कागदपत्रांना जोडले आहे. तुझ्याविरुद्ध तिथे काय काय आहे ते मला माहीत नाही. परंतु त्यात एक कागद तुझ्या बापाचा आहे. ते पत्र मी मागे घेत आहे असे मी त्यांना कळवले आहे, पण एकदा जोडलेला कागद ते काढतील असे मला वाटत नाही. म्हणून मी सोमवारी सकाळच्या गाडीने येत आहे. ते तो कागद तुझ्यापुढे ठेवतील, तेव्हा तो माझ्या वडिलांचा आहे असे सांग, आणि लिहिणारा बाहेर बाकावर बसला आहे, त्याला आत बोलवा, असेही सांग. तू बोलावलेस तरच मी आत येईन. नाही बोलावलेस, तरी तुझे आटपेपर्यंत बसून राहीन. परतीची दोन तिकिटे काढली आहेत, एक माझे आणि एक तुझे.

तुझाच,
आप्पा